जिल्हा परिषदेला मत मागायला येणाऱ्यांना पाण्या-उन्हाचा हिशोब विचारायचा का?

वर्धाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

माझं सहा एकर वावर आहे, वर्धा नदीपासून तीन कोसांवर. मागच्या खरिपात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चांगला पाऊस झाला म्हणून सोयाबीन पेरलं. मग अठरा दिवस आभाळ नुसतं भरून यायचं आणि निघून जायचं. दुबार पेरलं. ऑगस्टात झड लागली ती उघडायचं नाव घेईना. मुळं कुजली, पानं पिवळी पडली. जे वाचलं ते सवंगून गंजी लावली, तर गंजीवरच पाऊस आला आणि शेंगांत कोंब फुटले. एकरी दोन पोती झाली. दोनदा पेरणी, खत, फवारणी आणि सवंगणीची मजुरी धरून हाती काय उरलं असेल ते इथल्या कास्तकारांना सांगायला नको.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. आमच्याकडे जिल्हा परिषद निवडणुकीची हवा सुरू झाली आहे. परवा चावडीवर एक इच्छुक उमेदवार येऊन गेले. दोन तास बोलणं झालं. भाव, विमा, कर्जमाफी, पांदण रस्ता. सगळे प्रश्न खरे आहेत, मीही त्यातले दोन विचारले. पण घरी येताना मनात आलं, पीकच घरी येणार नसेल तर भाव कशाला लावणार आपण?

माझा आजा नक्षत्रांवर पेरायचा. मृग कोरडं गेलं तर आर्द्रा धरायचा, आणि बहुतेक वर्षी ते जमायचं. आता का जमत नाही हे मी थोडं वाचून समजून घेतलं. हवा एक अंशानं तापली की ती साधारण सात टक्के जास्त वाफ धरून ठेवते. त्यामुळे रोखते तेव्हा पंधरा-पंधरा दिवस रोखते, आणि सोडते तेव्हा एकदम ओतते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटानं २०१७ मध्ये मांडलं होतं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिपावसाच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्याच काळात एकूण पाऊस मात्र घटला. हे वाचलं तेव्हा मला माझंच वावर आठवलं.

जगानं २०१५ साली पॅरिसला ठरवलं की तापमानवाढ दीड अंशाच्या आत ठेवायचा प्रयत्न करू. २०२४ हे एक वर्ष त्या रेषेच्या वर गेलं. एका वर्षानं करार मोडला असं होत नाही, सरासरी अनेक वर्षांची धरतात. पण दिशा कळते. माझा मुलगा आता नववीत आहे. तो वावरात उभा राहील तेव्हा काय असेल याचा निर्णय आत्ता होतोय आणि त्या निर्णयाच्या बैठकीत आपण नाही.

म्हणून मी असं सुचवतोय की या वेळी गावोगावच्या लोकांनी उमेदवारांकडून लेखी घ्यावं. नाला खोलीकरण नुसतं जेसीबी लावून नको, माथ्यापासून पायथ्यापर्यंतचं पाण्याचं काम. दिवसा ओलीत करता येईल अशी वीज. उन्हाच्या दिवसांत मजुरीच्या वेळा. आणि महसूल मंडळाच्या, म्हणजे अनेक गावांना मिळून एकाच केंद्राच्या, पावसाच्या आकड्यावर अडकलेली नुकसानभरपाई. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला तरच अतिवृष्टी. माझ्या शिवारात नदी वाहत होती आणि केंद्रावर पन्नासही भरला नाही, असं झालंय.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? आणि हे राजकारणात आणावं की नाही, मोकळेपणानं लिहा.

घाटंजीचा_कास्तकार

भाऊ, तुमचं दुखनं माह्यं बी हाय. पन मले एक सांगा. हा धूर सोडला कोनं? अमेरिकेतला मानूस वर्षाले सरासरी १४ टनाच्या आसपास कार्बन सोडते, आपल्या देशातला दोन टन. आन् त्या दोन टनात बी गाडी-एसीवाले धरले हायेत. माह्या घरी एक पंखा, एक पंप, एक फटफटी. आमी काहून म्हून बदलायचं? पाप त्यायचं आन् उपास आमाले?

मी इरोधात नाही बोलून राहिलो. पन गावातल्या मानसाले हे पयले सांगा लागते, नाहीतर तो म्हनन का आता आमच्या चुलीवर बी डोया हाय यायचा.

वर्धाकाठ

@घाटंजीचा_कास्तकार, दादा, तुमचं बरोबर आहे आणि हे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. चूक माझी. तुमच्या पंपानं पृथ्वी तापलेली नाही. ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षं कोळसा-तेल जाळलं त्यांनी आधी थांबायचं आणि आपल्याला पैसाही द्यायचा, ही मागणी सोडायचीच नाही.

पण मी चुलीबद्दल बोलतच नाहीये. मी मागतोय ते उपासाचं नाही, हक्काचं आहे. बांधावरचं पाणी, दिवसाची वीज, उन्हातून सुटका. ही मागणी केली नाही तरी ऊन आपल्यावरच पडणार आहे.

कोळसापट्टा

चंद्रपूर जिल्ह्यातून लिहितो. माझे वडील कोळसा खाणीत होते, मी कंत्राटी आहे. म्हणून हा धागा दोनदा वाचला, मग लिहायला बसलो.

आमच्या भागाचं चित्र आधी नीट मांडतो. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. कोराडी २१९०, खापरखेडा १३४०, मौदा २३२०, तिरोडा ३३००. ही पाचच धरली तरी बारा हजार मेगावॅटच्या वर जातं, बाकीची लहानमोठी वेगळीच. एवढी वीज विदर्भात तयार होते आणि विदर्भातला शेतकरी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन ओलितावर जातो. साप चावतो, रानडुक्कर येतं, आमच्याकडे तर वाघ येतो. राख आमच्या पऱ्हाटीवर, पाणी आमच्या नदीचं, जमीन आमची. हे मला लहानपणापासून टोचतं.

पण दुसरी बाजूही ऐका. खाण उद्या बंद करा असं कोणी माझ्या गावात येऊन बोललं तर त्याला कोणी पाणीही विचारणार नाही. खाणीच्या पगारावर दुकान, शाळेची व्हॅन, मेस, गॅरेज, सगळं चालतं. वडिलांच्या पगारावर दोन बहिणींची लग्नं झाली. मला धुराचा त्रास कळतो, आईला दम्याचा पंप लागतो. तरीही मला उद्याची हजेरी पाहिजे.

हरित राजकारण करणाऱ्यांकडून मला एकच ऐकायचं आहे. कोळसा कमी होणार हे ठरलेलं असेल (आणि देशानं जाहीर केलेलं २०७० पर्यंत निव्वळ शून्य, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषला जाईल, याचा अर्थ तोच), तर माझ्या जिल्ह्याला वीस वर्षांचं वेळापत्रक कोण देणार? कोणती खाण कधी बंद होणार, कंत्राटी माणसाचं काय, खोदून ठेवलेल्या खड्ड्यांचं काय. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी २०१५ पासून आहे. तो खाणबाधित गावांसाठीच आहे. त्यातून पोरांना सोलरचं, वायरिंगचं, पंप दुरुस्तीचं शिक्षण का मिळू नये? आधी हे सांगा, मग मी तुमच्यासोबत मोर्च्यात पहिल्या रांगेत उभा राहतो.

मृगबहार

मोर्शीकडून. संत्र्याचं थोडक्यात सांगते. फुलोरा यावा म्हणून झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, तर जमीन कोरडी पाहिजे, ताण तोडायचा तर पाऊस वेळेवर पाहिजे. दोन्ही हातातून गेलं. मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) फुटलाच नाही असं सलग होऊ लागलंय आणि आंबिया बहाराची (उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्याची) फळगळ तर दरवर्षीची. शेजारच्यांनी तेवीस वर्षांची बाग तोडली. लाकूड भट्टीवर गेलं. त्या दिवशी त्यांच्या घरी कोणी जेवलं नाही.

पूर्णाकाठ

मूळचा अकोल्याकडचा, नोकरीनिमित्त पुण्यात. हरित पक्षांचा थोडा अभ्यास केला आहे म्हणून भर घालतो.

पश्चिम जर्मनीत १९८० साली ग्रीन पक्ष उभा राहिला. अणुवीज नको, जंगलं वाचवा, युद्ध नको, अशा वेगवेगळ्या चळवळींतले लोक एकत्र आले. १९८३ मध्ये ५.६ टक्के मतांवर ते संसदेत पोचले. तिथं पाच टक्के ओलांडले की मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. आपल्याकडे ज्याची मतं जास्त तो निवडून येतो, पाच टक्क्यांत अनामत रक्कमसुद्धा वाचत नाही. त्यामुळे इथं वेगळा हरित पक्ष काढून काही होईल असं मला वाटत नाही. इंग्लंडमध्ये आपल्यासारखीच पद्धत, तिथं ग्रीन पक्षाचा पहिला खासदार निवडून यायला २०१० उजाडलं.

पण एक गोष्ट विसरू नये. जर्मनीतले ग्रीन १९९८ मध्ये सत्तेत भागीदार झाले आणि २००० साली अपारंपरिक विजेला ठरावीक दर देणारा कायदा आला. त्यातून सौर पॅनेलला मागणी तयार झाली, पुढे चीनच्या कारखान्यांनी ढिगानं माल काढला आणि किमती कोसळल्या. आज घाटंजीच्या दादांच्या शेजारच्या वावरात सोलर पंप दिसत असेल तर त्याच्या मागे त्या कायद्याचाही हात आहे. पाच-सात टक्के लोकांनी नेटानं लावून धरलेली मागणी जगाच्या दुसऱ्या टोकाला पाणी काढते.

त्यांची चूकही सांगतो. अणुवीज आधी बंद केली, शेवटची तीन केंद्रं एप्रिल २०२३ मध्ये. कोळसा अजून जळतोच आहे. माझ्या मते क्रम उलटा हवा होता.

झाडीपट्टी

हरित पक्ष जर्मनीत शोधायला नको भाऊ, आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात या. मेंढा (लेखा). "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. गावाचे नेते देवाजी तोफा आणि त्यांना साथ देणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तुम्हाला माहीत असतीलच. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव पाहा, २०१२ साली हजार हेक्टरवर हक्क. आधी मजुरीला बाहेर जाणारी माणसं आता स्वतःच्या जंगलात बांबू तोडतात, विकतात, आणि कुठं तोडायचा नाही हेही तीच ठरवतात.

आमच्याकडे मामा तलावांचंही (माजी मालगुजारी, म्हणजे जमीनदारीच्या काळातले तलाव) तसंच. कोहळी समाजानं बांधलेले, एकाचं पाणी ओसंडून दुसऱ्यात जाईल असे. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढणारं कोणी उरलं नाही. अठरा दिवसांच्या उघाडीत धानाची बांधी वाचवायची असेल तर याहून चांगली योजना मला माहीत नाही. ती तीनशे वर्षं जुनी आहे एवढंच.

दुःखाचीही गोष्ट लिहितो. ज्या जिल्ह्यानं देशाला ग्रामसभेनं जंगल कसं राखावं हे दाखवलं, त्याच जिल्ह्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचं खोदकाम वाढत चाललं आहे. रात्रंदिवस ट्रक. रोजगार आला हे खरं. डोंगर परत येणार नाही हेही खरं.

गायरान

माझं म्हणणं कोणाला आवडणार नाही कदाचित, पण लिहिते. आमच्या घरी बावीस शेळ्या आहेत, जमीन पाऊण एकर.

वर दिवसाच्या विजेचं सगळ्यांनी लिहिलं. मलाही ती पाहिजे. माझा भाऊ रात्रीच्या ओलितावर असतानाच विजेच्या धक्क्यानं गेला, तेव्हा मला कोणी दिवसाच्या विजेचं महत्त्व सांगू नये. पण सौर कृषी वाहिनीचं (शेतीपंपांना दिवसा वीज देणारी सरकारी योजना) पॅनेल लावायला जागा लागते, एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर. ती जागा कुठून येते? कोणी मोठा कास्तकार आपलं काळं वावर देत नाही. शोधतात गायरान.

कागदावर गायरान म्हणजे पडीक. आमच्यासाठी पडीक नाही. तिथं बोर आहे, हिवर आहे, पावसाळ्यात चारा आहे, बाया सरपण आणतात, ढोरं बसतात. तारेचं कुंपण पडलं की शेळ्या कुठं न्यायच्या? धुऱ्यावर गेल्या की भांडण, जंगलात गेल्या की दंड. आमच्या बाजूच्या गावात असं झालं. ग्रामसभेत ठराव झाला म्हणतात, पण त्या सभेला बायांपैकी कोणीच नव्हतं. सकाळी दहाला सभा, तेव्हा सगळ्या निंदणाला.

सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. मग सामाईक जमीन सामाईक ठेवा ना. पॅनेल लावायचंच तर उपकेंद्राजवळची, खडकाळ, चारा नसलेली जागा आधी पाहा. पॅनेल उंचावर लावा, खाली शेळ्या चरू द्या. आणि गायरानाचा तुकडा दिलाच तर उरलेल्यावर कुरण आणि झाडं लावून द्या, ते आमच्याशी बोलून. सूर्याची वीज आली आणि गरिबाची शेळी विकली गेली तर ते माझ्यासाठी हिरवं नाही.

वर्धाकाठ

ताई, तुमच्या भावाचं वाचून काय लिहावं सुचत नाही.

मी "दिवसाची वीज" एवढंच लिहून मोकळा झालो होतो. जागेचा विचारच केला नव्हता. माझ्याकडे सहा एकर आहेत म्हणून तो आला नाही, हे आता कळतंय. लेखी मागणीत हा मुद्दा पहिल्या तीनांत घेऊ.

सावळी

मी आशा सेविका आहे, यवतमाळ जिल्हा.

ऊन हा आजार आहे, हे गावात अजून कोणी मानत नाही. नागपूरला २३ मे २०१३ ला ४७.९ अंश झालं होतं. आमच्याकडे ४५ म्हणजे आता बातमीसुद्धा नाही. गेल्या मे महिन्यात माझ्या पाड्यावर एक बाई कामावरून आली, डोकं दुखतं म्हणाली, घाम थांबलेला, अंग तापलेलं. घरच्यांनी ताप समजून गोधडी पांघरली. मी पोचले तेव्हा ओली साडी गुंडाळून तिला सावलीत आणलं, गाडी मिळेपर्यंत पाणी मारत बसलो. वाचली. घाम थांबला आणि माणूस बरळायला लागला की एक मिनिट दवडू नका, आधी अंग थंड करा, मग दवाखाना. ही ओळ तेवढी कोणीतरी सगळ्या गटांत पाठवा.

रात्रीचंही लिहा कोणीतरी. टिनाचं छप्पर रात्री दोनपर्यंत भाजतं. झोप नाही, आणि सकाळी सहाला परत काम. म्हातारी माणसं आणि बाळंतिणी यातच खचतात.

रोजगार हमीचं काम उन्हाळ्यात पहाटे सुरू होऊन अकराच्या आत संपावं, कामावर सावली आणि पाणी असावं. कामावर सावली-पाणी देणं नियमात आहेच, मिळत नाही. याला पैसा लागत नाही, हट्ट लागतो.

कोळसापट्टा

@सावळी, तुमची ओळ आमच्या कंत्राटी गटात टाकली. खाणीच्या खड्ड्यात मे महिन्यात काय होतं ते आम्हालाच माहीत. हा मुद्दा आमचाही आहे. इथं मी तुमच्यासोबत आहे.

पूर्णाकाठ

कायद्याची दोन हत्यारं सांगून ठेवतो, कारण बहुतेकांना ती माहीत नसतात.

एक, राज्यघटनेचं अकरावं परिशिष्ट. १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीनं आलं. पंचायतींकडे देता येतील असे २९ विषय त्यात आहेत. लघुसिंचन आणि पाणलोट विकास, सामाजिक वनीकरण, सरपण आणि चारा, अपारंपरिक ऊर्जा. गायरान ताईंचे आणि झाडीपट्टीचे बरेच मुद्दे त्या यादीत बसतात. "हे ग्रामपंचायतीचं काम नाही" असं कोणी म्हणालं तर ते परिशिष्ट समोर ठेवा.

दुसरं, जनसुनावणी. खाण किंवा औष्णिक केंद्र येणार असेल तर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे सुनावणी घ्यावी लागते. किमान ३० दिवसांची जाहीर सूचना, अहवालाचा सारांश मराठीत, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी. तिथं हजर कोणीही बोलू शकतो, लेखी हरकत देऊ शकतो, आणि ते इतिवृत्तात येतं. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे तुम्ही गेला नाहीत तरी सुनावणी "झाली" असं धरलं जातं. म्हणून जायचंच. हरकत लिहून न्या, पोच घ्या. घोषणा हवेत जातात, पोच घेतलेला कागद पुढं कोर्टात चालतो.

आणि २०२४ मध्ये माळढोकाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणं हा कलम १४ आणि २१ खालचा हक्क आहे. हेही हरकतीत लिहिता येतं.

घाटंजीचा_कास्तकार

आता जमून राहिलं. आधी मले वाटलं तुमी झाडं लावा, प्लास्टिक नोका वापरू, असं सांगान. हे तर आपल्या कामाचं हाय. ग्रामपंचायतीले चिन्ह नसते, पॅनल असते, तिथं तर सोपं हाय. जिल्हा परिषदेले पक्षाचं चिन्ह असते. पक्षवाला म्हनन वरून इचारून सांगतो. मंग काय करायचं?

वर्धाकाठ

दादा, तो विचारून सांगतो म्हणाला तरी चालेल. विचारावं लागलं म्हणजे प्रश्न वर पोचला. शिवाय ग्रामसभेचा ठराव कोणाला विचारावा लागत नाही. १ मेला ग्रामसभा आहेच. तोवर सगळ्यांनी आपापल्या गावात हे मांडायचं. कच्चा मसुदा खाली देतोय, सुधारा.

"ही ग्रामसभा ठरवते की, गावाच्या शिवारातील नाले व तलावांचे काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोट पद्धतीने करण्यात यावे. शेतीपंपास दिवसा वीज मिळावी. त्यासाठी गायरान जमीन देण्याचा कोणताही निर्णय पशुपालक कुटुंबे व महिला सभा यांच्या संमतीशिवाय घेऊ नये. मार्च ते जून या काळात रोजगार हमीची कामे सकाळी अकराच्या आत संपवावीत व कामाच्या जागी सावली आणि पिण्याचे पाणी असावे. पावसाची नोंद गावपातळीवर व्हावी यासाठी गावात पर्जन्यमापक बसवावा. जिल्ह्यातील कोळसा खाणी व औष्णिक केंद्रांत काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या पुढील रोजगाराचा आराखडा शासनाने जाहीर करावा."

कोळसापट्टा

शेवटची ओळ तुम्ही स्वतःहून घातली, ही गोष्ट मी वडिलांना वाचून दाखवली. मला खाणीचं वेळापत्रक अजून कोणी दिलेलं नाही, माझी शंका कायम आहे. पण १ मेला आमच्या गावात हा ठराव मी मांडतो.

मृगबहार

फळबागांसाठी एक वाक्य घाला. संत्र्याच्या नुकसानीचे पंचनामे फळगळ सुरू असतानाच व्हावेत. महिन्यानं आले की खाली फळही नसतं आणि पुरावाही नसतो.

सावळी

सभा सकाळी आठला ठेवा, आणि त्या दिवशी निंदण-खुरपणी नाही अशी दवंडी आदल्या दिवशी द्या. नाहीतर महिला सभा पुन्हा कागदावरच.

गायरान

मसुदा घरी वाचून दाखवला, आईला पटला. एक बदल करा. "गायरान जमीन" एवढंच मोघम नको, गट नंबर आणि क्षेत्र लिहा. बाजूच्या गावात ठरावात गट नंबरच नव्हता, मग मोजणीच्या दिवशी कोणता तुकडा ते साहेबांनीच ठरवलं. आमच्या गायरानाचा सातबारा मी काढून आणते. तलाठी मंगळवारी बसतात.